जीपची टाकी आणि आबांची काळजी

आमची जुनी जीप गर्दीत अडकली की डिझेल कमी पिते, असा शोध मी गेल्या उसाच्या हंगामात लावला. लेखी लावला, आलेखासकट.

माझं काम रस्त्यांच्या नियोजनाचं. पलूस ते सांगली रस्त्यावर कोणतं वाहन किती इंधन खातं, याचा अंदाज काढायचा होता. म्हटलं, सुरुवात घरच्या जीपपासून करू. सोमवारी टाकी काठोकाठ भरायची, आठवडाभर फिरायचं, पुढच्या सोमवारी पुन्हा भरायची. जेवढं बसेल तेवढं खर्च झालं. (एवढ्यासाठी मी एम.टेक. केलं.)

पहिल्या आठवड्यात ॲव्हरेज बरं आलं. दुसऱ्या आठवड्यात कारखाने सुरू झाले, उसाच्या ट्रॅक्टरांमागं मी तासतासभर खोळंबले, आणि ॲव्हरेज वाढलं. तिसऱ्या आठवड्यात तर जीपनं मोटारसायकलला मागं टाकलं!

अहवाल वाचून साहेबांचा फोन आला. "मॅडम, जीप डिझेलवर चालते की श्रद्धेवर?"

"सर, आकडे दोनदा तपासलेत."

"मग जीप तपासा. शुक्रवारच्या बैठकीत हे दाखवलं तर दोघंही घरी बसू."

मी अंगणात बॉनेट उघडून बसले. आई दारात येऊन म्हणाली, "तिला काय इचारतीस? तुज्या आबास्नी इचार. रोज पहाटं ट्रॅक्टरचं डिझेल तिच्यात वत्यात."

आबा फौजेत ड्रायव्हर होते. खाली बघत म्हणाले, "वाटंत बंद पडली मंजी? लय गर्दी झालीया रस्त्याला."

"म्हणून गर्दी वाढंल तसं जास्त वतत गेलासा?"

"व्हय. काळजी वाटती न्हवं."

म्हणजे तीन आठवडे मी आबांची काळजी लिटरमध्ये मोजत होते. रागवायचं ठरवलं होतं, जमलं नाही.

बैठक पुढं ढकलून घेतली, टाकीला कुलपाचं झाकण बसवलं आणि मोजणी नव्यानं सुरू केली. जीपची खरी भूक मला कुठं ठाऊक होती, त्यात डिझेलचा काटा कधीचाच बंद. चौथ्याच दिवशी डिझेल संपून ती फाट्यावर बंद पडली. फोन केल्यावर आबा ट्रॅक्टर घेऊन आले, हातात डिझेलचा कॅन. झाकणाला हात लावून थांबले.

"किल्ली?"

"घरी. तुमाला सापडू नये म्हणून तांदळाच्या डब्यात ठेवलीया."

आबांनी कॅन खाली ठेवला, दोर काढला आणि इंधनाच्या अभ्यासक लेकीला जीपसकट, उसाच्या रांगेतून, ओढत घरी आणलं.

त्या दिवशी आमच्या जीपनं थेंबभरही डिझेल न पिता सात किलोमीटर कापले. अहवालात ते लिहिण्याचा मोह मात्र मी आवरला.