अस्वलाची माया

गिऱ्हाईक कितीही म्हणालं, "अगदी अंगाबरोबर शिवा हं," तरी आत्या मान डोलवायची आणि आतून माया सोडायचीच. माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडलेलं जादा कापड. बाहेरून दिसत नाही, पण माणूस सुटलं की शिवण उसवून कपडा सैल करता येतो. कोणी कुरकुर केलीच तर आत्या कात्री हातात धरून म्हणायची, "आज बारीक आहात, उद्याचं कोणी सांगितलंय?" कात्रीकडे बघून गिऱ्हाईक गप्प बसायचं.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मागे आत्या, तिचा धाकटा भाऊ आणि त्याची आईविना वाढलेली मुलगी. पोरगी बुटकी, म्हणून बापाने तिला ठेंगू म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव चिकटलं. या ठेंगूला वेड ॲनिमेचं, म्हणजे जपानी चित्रमालिकांचं. कोणी त्यांना कार्टून म्हटलं की तिचं नाक लाल व्हायचं. आत्याने एकदा भोळेपणाने एका गिऱ्हाइकाला सांगितलं, "आमच्या पोरीला ॲनिमे आहे ना," तर ती बाई दुसऱ्या दिवशी पिशवीभर बीट घेऊन हजर! ॲनिमियावर चांगलं, रक्त वाढतं म्हणे. भाऊ हसून हसून लोळला, आणि पोरीला मात्र ते बीट संपेपर्यंत खावं लागलं.

त्या वर्षी शहरात ॲनिमेवेड्यांचं मोठं संमेलन भरणार होतं. आपल्या आवडत्या पात्राचा वेश करून तिथे जायचं. ठेंगू होणार होती एका मालिकेतली कंदीलवाली शिलेदार, आणि तिच्यामागून डुलत चालणारं झोपाळू अस्वल होणार होता तिचा बाप. गाड्या दुरुस्त करणारा, चांगलं पोट सुटलेला गडी. अस्वलाचा केसाळ वेश चढवून तो आरशासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, पोटात कापूस भरू नकोस. घरचा माल आहे."

मग साथ आली. संमेलन रद्द झालं, दुकानाचं दार बंद झालं आणि आत्या मास्क शिवायला बसली. दोन्ही वेश कपाटात गेले. पुढे साथीने भावालाच गाठलं. दवाखान्यात तो स्वतःच्या पायांनी चालत गेला, तो परत आला नाही. त्याचं शेवटचं तोंडही या दोघींना पाहायला मिळालं नाही.

ठेंगू रडली नाही, आणि आत्याचा जीव टांगणीला लागला तो त्यामुळेच. पोरगी दार लावून घ्यायची आणि मोबाईलवरच्या मैत्रिणींशी बोलत बसायची. एकदा भिंतीआडून आत्याच्या कानावर पडलं, "बाबा ना? कामावर गेलेत." आत्या उठून दारापर्यंत गेली. तिला आत जावंसं वाटलं, पण जाऊन बोलायचं काय? जगाची मापं घेणाऱ्या बाईला घरातल्या पोरीला बोलतं करता येईना. त्या दिवशी तिने एका पँटचे दोन्ही पाय एकत्र शिवून टाकले.

साथ ओसरू लागली तेव्हा संमेलनाची पुन्हा बातमी आली. माणसं मोजकी, मास्क सक्तीचा. आत्या म्हणाली, "जा."

"ड्रेस होत नाही मला."

खोटं नव्हतं. घरात बसल्या बसल्या ठेंगू आत्यापेक्षाही उंच झाली होती.

"माया सोडलीये की मी!" आत्याने शिवणी उसवल्या, खालची दुमड सोडली, आणि ड्रेस बेतल्यासारखा बसला. आता सबब उरली नाही.

"अस्वलाशिवाय शिलेदार कुठेच जात नाही," ठेंगू हळूच म्हणाली.

"मग मी होते अस्वल."

"आणि बाबांचा ड्रेस?"

"कापते ना मापात."

"कापायचा नाही." पोरीचा आवाज चिरकला. "एक चिंधीसुद्धा नाही, आत्या."

आत्या म्हणजे नुसती काडी. त्या वेशात तिच्यासारख्या दोघी सुखाने मावल्या असत्या. पण तिने कात्री बाजूला ठेवली आणि दोन्ही कुशींना होतं नव्हतं तेवढं कापड आत घेऊन टीप मारली. कारागिरीच्या दृष्टीने तो गुन्हाच होता. बरगड्यांशी जाडजूड वळकट्या झाल्या, चालताना काचू लागल्या. तोंडाला तिने मास्कच अस्वलाच्या नाकाचा शिवला.

संमेलनाच्या दारात ताप मोजणारा माणूस यंत्र धरून थबकला. "कपाळ कुठलं यातलं?" दोघी हसल्या, पण हॉलमध्ये शिरताच ठेंगूने आत्याचा पंजा घट्ट धरला. अंतर राखायला जमिनीवर फुल्या मारल्या होत्या. जांभळ्या केसांची एक मुलगी धावत आली आणि नियम आठवून जवळच्या फुलीवर थबकली. मोबाईलवरचीच मैत्रीण ती.

"ठेंगू? अगं, खांब झालीयेस!" मग तिची नजर अस्वलावर गेली. "आणि काका! आलात एकदाचे! ही किती सांगायची तुमच्याबद्दल."

आत्याने नुसती मान हलवली असती तरी वेळ निभावली असती. पोरीचा दिवस वाचला असता. मान हलवायचा मोह तिला झालाही. पण तिने ठेंगूकडे पाहिलं आणि मान तशीच धरून उभी राहिली.

"बाबा नाहीत हे," ठेंगू म्हणाली. मग थांबली. "बाबा गेले. मागच्या वर्षी. मी तुला खोटं सांगत होते. ही माझी आत्या आहे."

फुलीवरून पुढे यायचं की नाही, जांभळ्या केसांच्या पोरीला कळेना. शेवटी तिने नुसतं कोपर पुढे केलं, आणि ठेंगूने त्याला आपलं कोपर लावलं. त्यासरशी तिचा बांध फुटला. ती वळली आणि अस्वलाला मिठी मारून हमसून हमसून रडली. आत्याही रडली, नाकाच्या मास्कआड कोणाला दिसणार होतं?

बऱ्याच वेळाने ठेंगूचा हात अस्वलाच्या कुशीशी अडखळला. तिने ती जाड वळकटी चाचपून पाहिली.

"केवढी माया ठेवलीस गं इथे! टोचत नाही?"

"टोचते की," आत्या म्हणाली. "पण तुझ्या बाबाची आहे. सगळीच्या सगळी ठेवलीये."