गुरुवारी न चालणारी गाडी

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा तेरोय याच्या पायाला भिंगरी आहे, असं मनिलाजवळच्या आमच्या सान मातेओत सगळेच म्हणतात. ती बसल्या जागीही फिरते, हे मात्र पासिंगच्या, म्हणजे माझ्या, खानावळीत त्याच्या शेजारी जेवायला बसलेल्यांनाच ठाऊक. टेबलाखाली त्याचा उजवा गुडघा हलत राहतो आणि शेजाऱ्याच्या वाडग्यातलं सूप सांडतं. सत्तावीस वर्षं त्याने ट्रायसिकल चालवली. मोटारसायकलला जोडलेल्या त्या डब्यात बायका, तांदळाची पोती, कधी डुकराची पिल्लं कोंबून गल्लीबोळांतून हा पळणार. गिऱ्हाईक कुणाशी दोन शब्द बोलत थांबलं तर पाच वेळा हॉर्न मारणार. मी त्याला कूया म्हणते, दादाच्या जागी मानते, तरीही सांगते की या माणसाबरोबर रांगेत उभं राहायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

असा माणूस तीन वर्षं एक गोष्ट पोटात घेऊन बसला होता.

माझी बहीण सालुद गेली त्या संध्याकाळची गोष्ट. तिची मुलगी लिवाय तैवानमध्ये एका म्हातारीची देखभाल करायला राहते. तिचा फोन आला, चेहरा दिसणारा. तेरोयने तो सालुदच्या तोंडासमोर धरला. सालुदला बोलता येत नव्हतं. तिने दोन बोटं हलवली आणि मान भिंतीकडे वळवली. मला अशी तिला दाखवू नका, एवढाच त्याचा अर्थ. तेरोयने फोन बंद केला. पुन्हा वाजला, पुन्हा बंद केला. तासाभरात सालुद गेली. मी त्याच खोलीत होते, म्हणून मला माहीत आहे.

लिवाय चार दिवसांची सुट्टी काढून आली. आमच्याकडे परदेशातून येणाऱ्या माणसाला आणायला एकटंदुकटं कुणी जात नाही. भाड्याची व्हॅन केली, अकराजण गेलो आणि परतताना तेरोय सगळ्यांत मागे खोक्यांमध्ये अवघडून बसला. वाटेत लिवायने पुढच्या सीटवरून बापाकडे मान वळवून विचारलं, "ताय, फोन का कापलात?" सगळ्यांनी कान टवकारले.

"नेटवर्क गेलं होतं," तो म्हणाला.

सगळ्यांसमोर तो आणखी काय सांगणार होता? पण तिला ते पटलं नाही, आणि पटलं नाही हे तिने बोलूनही दाखवलं नाही. त्यानंतर तिचे फोन आखडले. जेवलात का, गोळ्या घेतल्यात का, बरं ठेवते. फोन ठेवला की तेरोय अंगणात येरझाऱ्या घालायचा. एकदा मी वैतागून म्हटलं, "अरे, एकदाचं सांगून टाक ना फोनवर."

"फोन ज्याने कापला त्याने फोनवरच सांगायचं होय, पासिंग?"

घरी सांगावं म्हटलं तर मुलगी परदेशातून आली की आमच्या घराचं दार लागत नाही. चुलत्यांपासून कोपऱ्यावरच्या न्हाव्यापर्यंत सगळे चॉकलेटं मागायला हजर. तेरोयला दार लागेल अशी एक जागा हवी होती. म्हणून तिसऱ्या वर्षी भिशीचा नंबर लागला तेव्हा छप्पर दुरुस्त करायचं सोडून त्याने जाहीर केलं की तो मोटार घेणार, लिवायला आणायला स्वतः जाणार आणि व्हॅन-बिन काही करायची नाही.

भिशीचे आले साठ हजार पेसो. एवढ्यात जी गाडी मिळते ती बहुधा मालकापेक्षा मेकॅनिकच्या घरी जास्त राहिलेली असते. पण तेरोय कच्चा नव्हता. तीन रविवार तो मारिकिनापर्यंत हिंडला. गाडी पहाटे बघायची, इंजिन गार असताना. मालकाने आधीच चालू करून ठेवली असेल तर नमस्कार करून परत फिरायचं. ऑइलचं झाकण काढून आत दुधासारखी साय दिसते का बघायची. पायाखालचा गालिचा उचलून खालचा रस्ता दिसतो का बघायचं. आणि खिशात एक चुंबक ठेवायचं. लिवायने पाठवलेलं, फ्रिजवर लावायचं, अननसाच्या आकाराचं. ते दारांवर, चाकांच्या वरच्या पत्र्यावर फिरवायचं. जिथे चिकटत नाही तिथे रंगाखाली पत्रा नाही, नुसती पुट्टी. एका गाडीवर तर अननस कुठेच चिकटेना. तेरोयने मालकाला विचारलं, "गाडी विकताय की भिंत?"

शेवटी एका चपलांच्या दुकानदाराची अठ्ठावीस वर्षांची पांढरी गाडी त्याला पसंत पडली. दुकानदार चिनी, म्हातारा, डोळ्यांनी अधू झाला म्हणून विकत होता. अननस दोन जागा सोडून सगळीकडे चिकटला. सौदा बावन्न हजारांवर अडला होता. तेवढ्यात तेरोयची नजर नंबरपाटीवर गेली. शेवटचा आकडा आठ.

"आठ म्हणजे भरभराट," दुकानदार म्हणाला. "हा नंबर मी मुद्दाम मागून घेतला होता."

लिवायचा जन्मही आठ तारखेचा. तेरोयने पुढे एक पेसोची घासाघीस केली नाही. इंजिन ऐकलं, तळ पाहिला, पत्रा तपासला आणि त्या एका आकड्याला भुलला.

घरी आणल्यावर कोंबडा कापून त्याचं रक्त चारही चाकांना लावलं, म्हणजे गाडीला दुसरं रक्त लागायला नको. कोंबड्याचं आलं घालून सूप मी केलं. त्या दिवशी तेरोयचा गुडघा अर्धा तास थांबला होता, असं माझी सून म्हणते. मी काही पाहिलं नाही.

आणि मग सुरू झाली ती चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. रेडिएटरचा पंखा आपोआप लागेना, म्हणून त्याने घरातलं दारावरच्या घंटीचं बटण आणून स्टिअरिंगशेजारी बसवलं. गाडी तापली की घंटी दाबायची. पेट्रोलचा काटा मेलेला, म्हणून टाकीत किती आहे ते तो वहीत किलोमीटर लिहून काढायचा. खिडकीची काच तळव्यांनी दाबून वर ढकलायला लागायची. हॉर्न फक्त डावीकडे वळताना वाजायचा. टायर तीन वेगवेगळ्या वयांचे. शॉकअब्सॉर्बर इतके गेलेले की आत कुणी शिंकलं तरी गाडी डुलायची. डिकीत पाण्याचे दोन कॅन कायम भरलेले. नवा सुटा भाग त्याने एकही घेतला नाही. मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग विकतात तिथे जाऊन, हातात घेऊन, वास घेऊन आणायचा. पण दर सकाळी तो बॅटरीपासून टायरपर्यंत सगळं तपासायचा, आणि बाजारापर्यंत एक फेरी मारून यायचा. मला तिच्यात बसवून मासळी आणायला नेलं तेव्हा मासे मी मांडीवर घेतले होते आणि जीव मुठीत.

जूनमध्ये लिवायचा निरोप आला. बारा दिवसांची सुट्टी. गुरुवारी दुपारी दीडला विमान उतरणार.

तेरोयने ते आनंदाने आमच्या गल्लीतल्या नेस्तोर मेकॅनिकला सांगितलं. नेस्तोर गाडीखाली उताणा पडला होता. तो तिथूनच हसायला लागला.

"गुरुवारी? म्हाताऱ्या, तुझ्या गाडीचा शेवटचा आकडा काय?"

"आठ. भरभराटीचा."

"सात आणि आठवाल्यांना मनिलात गुरुवारी बंदी. सकाळी सात ते दहा, संध्याकाळी पाच ते आठ. कोडिंग कधी ऐकलंयस का?"

ऐकलं होतं, कुणी ऐकलेलं नसतं? पण ट्रायसिकलवाल्याला त्याचं काय? ती मोठ्या रस्त्यावर जातच नाही, आणि आमचं गाव मनिलाच्या हद्दीबाहेर. सत्तावीस वर्षांत त्याला आकड्याने कधी अडवलं नव्हतं. तेरोय खाली वाकून नंबरपाटीकडे इतका वेळ बघत राहिला की जणू आकडा बदलेल.

माझा पुतण्या व्हॅन द्यायला तयार होता. "पुन्हा अकराजण," तेरोय म्हणाला, आणि कागदावर हिशोब मांडला. दहानंतर निघायचं. दीडला विमान, अडीचला बाहेर, पाचच्या आत मनिलाची हद्द पार. बसतं. फक्त कुठे थांबायचं नाही. मी म्हटलं, वाटेत पाणी ओतायला कुणीतरी हवं, मी येणार. त्याने कपाळाला आठ्या घातल्या, पण गाडीचं पाणी त्याच्या अभिमानापेक्षा मोठं होतं.

जाताना दोनदा थांबून पाणी ओतलं आणि कॅन लगेच पुन्हा भरून घेतले. विमानतळावर पोचलो तर फळ्यावर लिहिलेलं, विमानाला उशीर. दीडचे अडीच झाले, अडीचचे पावणेचार. तेरोय फळ्यापासून दारापर्यंत आणि दारापासून फळ्यापर्यंत चालत होता. एका पोलिसाने त्याला विचारलंसुद्धा, काही हरवलंय का. मी त्याला उकडलेली केळी दिली, ती त्याने हातात धरून चिरडली. माझाही जीव टांगणीला लागला होता, पण दोघांनी फेऱ्या मारून काय होणार?

लिवाय बाहेर आली तेव्हा पाचला दहा कमी होते. बारीक झाली होती. नमस्कार म्हणून तिने त्याचा हात आपल्या कपाळाला लावला, मग माझा. बरोबर एकच मोठं खोकं. ते मागच्या सीटवर कसंबसं कोंबलं, मला बसायला वितभर जागा उरली.

"चला ना, ताय."

तेरोय गाडीपाशी नुसता उभा होता. मग त्याने बॉनेट उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. सांगायला लाज वाटत होती त्याला. शेवटी मीच सांगितलं, आठाचा आकडा, गुरुवार, पाच ते आठ. गाडी पार्किंगमधून बाहेर काढली की पहिल्याच चौकात दंडाची पावती.

"मग टॅक्सी करू," लिवाय म्हणाली. "गाडी उद्या कुणी तरी घेऊन येईल. नाहीतरी घ्यायची काय गरज होती? व्हॅन होती की."

तिचा काही दोष नव्हता. रात्रभर झोपली नव्हती पोर. पण तेरोयचा चेहरा असा पडला की मला तिच्या पाठीत धपाटा घालावासा वाटला. मी हात आवरला. आयुष्यात मी तसं फार वेळा केलेलं नाही.

तिने पुढच्या सीटवरची आपली पर्स घ्यायला दार उघडलं आणि थांबली. दाराच्या पत्र्यावर आतून अननस चिकटवलेला होता.

"हा तर मी पाठवलेला."

"त्यानेच तपासली," तेरोय म्हणाला. "सगळी. चिकटत होता म्हणूनच घेतली." मग बॉनेट लावत म्हणाला, "व्हॅनमध्ये बोलता येत नाही गं."

लिवायने त्याच्याकडे पाहिलं. मग ती पुढच्या सीटवर बसली आणि दार ओढून घेतलं. ते दोनदा ओढावं लागतं. "या, ताय. आठपर्यंत बसू."

मी कॅन उचलला आणि पाणी आणते म्हणून निघाले. दोन्ही कॅन गळ्यापर्यंत भरलेले होते.

तीन रांगा पलीकडे एका खांबाला टेकून मी उभी राहिले. उकाडा म्हणजे उकाडा. तिथून मला ते ऐकू येत नव्हते, नीट दिसतही नव्हते, पण गाडी दिसत होती. गाडी हलत होती. त्याचा गुडघा हलला की ते सगळं पांढरं धूड बारीक बारीक हलायचं, आणि आरशाला टांगलेली जपमाळ डोलायची. जाणारी-येणारी माणसं वळून बघत होती. साडेपाच झाले, सहा झाले, हलतेच आहे. मला वाटलं, हा माणूस आताही सांगणार नाही. याच्याने होणार नाही. माझं मलाच रडू आलं, सालुदची ती दोन बोटं आठवली. मीसुद्धा तीन वर्षं गप्पच राहिले होते, लिवायला मी सांगितलं असतं तर? पण ते सांगणं त्याचं होतं, असं म्हणून मी स्वतःला सोडून दिलं होतं.

सातच्या सुमाराला मी पाहिलं तर जपमाळ सरळ लोंबत होती.

मी डोळे पुसून पुन्हा पाहिलं. गाडी अगदी स्थिर होती. एवढी की मला धसका बसला आणि मी दोन पावलं पुढेही गेले. मग परत आले.

आठ वाजले. सव्वाआठ वाजले. पाय भरून आले होते, भूक लागली होती, आणि पार्किंगचं भाडं तासावर चढत होतं. मी जाऊन काचेवर टकटक केलं. आत लिवायचा चेहरा रडून सुजला होता. तिचा हात त्याच्या उजव्या गुडघ्यावर होता, आणि गुडघा हातासारखाच निवांत पडला होता. तेरोयने तळव्यांनी काच खाली ढकलली.

"कूया, आठ वाजून गेले. बंदी उठली. चल लवकर."

"थांब की जरा," तेरोय म्हणाला. "एवढी कसली घाई?"

मी कॅन डिकीत ठेवला आणि मागे खोक्याशेजारी जाऊन बसले.