दोर कुठं हाय?

आमच्या करडी गावच्या समाजमंदिरात माझा सत्कार झाला, तेव्हा माझे बाबा शेवटच्या रांगेत बसले होते आणि त्यांनी एकदाही टाळी वाजवली नाही. मला त्यांचा आधीपासूनच राग होता. मी कोकणच्या समुद्रात देवमाशांच्या अभ्यासाला गेले, तेव्हापासून हा माणूस माझ्याशी फटकून वागत होता. मासे धरणाऱ्याच्या घरची पोरगी जाळ्यांच्या विरोधात गेली, असं त्यांचं म्हणणं.

मी मुद्दाम त्यांच्याकडे बघत जोरात बोलले. अरबी समुद्रातले हंपबॅक जातीचे देवमासे फार थोडे उरलेत. त्यांचे बाकीचे जातभाई खायला थंड समुद्रात जातात, हे मात्र वर्षभर इथेच राहतात, त्यामुळे बाहेरून भर पडत नाही. मादी जवळजवळ वर्षभर पोटात वाढवते, तेव्हा कुठे एक पिल्लू होतं. तोंडात दात नाहीत, आपल्या नखांसारख्या चिवट पट्ट्यांची झालर असते, तिच्यातून पाणी गाळून बारीक मासे खातात. श्वासाला पाण्यावर यावंच लागतं आणि जाळ्यात अडकले की नेमकं तेच जमत नाही. मग मी पिशवीतून जाळ्याचा तुकडा काढून उंच धरला. म्हटलं, गेल्या महिन्यात आम्ही हे कापून एक देवमासा सोडवला. टाळ्या, शाल, नारळ. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

घरी आल्याबरोबर बाबांनी हात पुढे केला. "दाखव तं."

त्यांनी तुकडा ताणून धरला. जन्मभर तलावासाठी जाळी विणलेली त्यांची बोटं एकेका गाठीवरून फिरली. एखादा तरी चांगला शब्द निघेल म्हणून मी वाट बघत होते.

"दोर कुठं हाय?"

"कोनता दोर?"

"काठाचा. जाळ्याच्या वरच्या काठाले जाड दोर राहते. हे तं नुसतं मधलं जाळं हाय."

"गेला असंल पाण्यात. मासा सुटला ना, बाबा!"

"कायचा सुटला? जाळं फाटते, दोर फाटत नाही. जितका ओढला तितका आवळते. तुमी जाळं कापलं अन् दोर त्याच्या आंगावर ठेवला."

मी भडकले. "तुमाले पोरीचं काहीच चांगलं पाहवत नाही. समुद्रात मी होती, तुमी नाही!"

"म्हनून तं इचारून राहिलो. शेपटीवर पाह्यलं का?"

आईने मध्ये पडून ताटं वाढली. कोणी हात लावला नाही. बाबांचं तोंड एकदाचं बंद करावं म्हणून मी त्यांच्यासमोरच, आमची बोट चालवणाऱ्या तांडेलाला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. विचारलं, त्या देवमाशाच्या अंगावर दोर राहिला होता का?

तांडेल म्हणाला, "शेपटीला होता ना, मॅडम. दोन वेढे. सगळ्यांनी बघितला."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही टाळ्या वाजवत होता. फोटो काढत होता. इतक्या खूश होता, कोण सांगणार?"

मी फोन ठेवला. बाबांनी तुकडा माझ्या मांडीवर टाकला. "तू तिथं वर धरला, तवाच दिसलं होतं मले. लोकाईपुढं काय बोलू?"

"बोलायचं होतं!" मी ओरडले. त्यांचा मला तेव्हाही रागच आला, आणि तो अजून गेलेला नाही. पण दोर त्यांनी ठेवला नव्हता, मी ठेवला होता. तो देवमासा अजून श्वासाला वर येऊ शकत असेल, तर दर वेळी तो दोर ओढत येत असेल.