चौघांचा हादगा

माझ्या धाकट्या भावानं आणि त्याच्या बायकोनं आपल्या मुलीला शाळेतून काढून घरीच शिकवायला घेतलं. पुण्यातली नोकरी लॅपटॉपात घालून दोघं कोल्हापुरात शिवाजी पेठेत माझ्या फ्लॅटवर राहायला आले, कारण इथं म्हणे मुलांना 'मातीशी नातं' मिळतं. आमच्या पेठेत माती राहिलीय कुठं? सगळीकडं काँक्रीट नाहीतर दुचाक्या. शाळेबद्दल मला फार प्रेम आहे अशातला भाग नाही. मी स्वतः मारकुट्या बाईंच्या हाताखाली पाढे घोकले आणि पुढं ऑफिसात सगळा जन्म कॅलक्युलेटरवर काढला. पण शाळा वाईट म्हणून घराचीच शाळा करायची, हा रोगापेक्षा इलाज भयंकर.

गेल्या वर्षी ऑक्टोबर लागला तशी भावजयीनं 'ऑटम थीम' जाहीर केली. तिच्या मोबाईलवर कुठल्या तरी थंड देशातली पोरं लाल-पिवळी पानं कागदावर चिकटवत होती. आपल्याकडं त्या महिन्यात ऊन टाळकं फोडतं आणि झाडं हिरवीगार असतात. पण थीम म्हणजे थीम. मग पोरीनं बिल्डिंगमागच्या एकुलत्या पेरूची हिरवी पानं तोडून आणली आणि आईनं तिला ती लाल रंगानं रंगवायला बसवलं. पानगळ शिकवायची म्हणून चांगल्या झाडाची पानं ओरबाडायची, हे फक्त शिकल्यासवरल्यांनाच सुचतं. आठ वर्षांची पोरगी, निमूटपणे रंगवत होती. मधूनच वर बघून आईचा चेहरा वाचायची आणि पुन्हा ब्रश बुडवायची.

त्यानंतर सहल. साखर कशी होते ते दाखवायला भाऊ सगळ्यांना गाडीत घालून बिद्रीच्या साखर कारखान्याकडं घेऊन गेला. मीही गेले, रविवारी दुसरा उद्योग नव्हता. गेटावरचा माणूस म्हणाला, "पावणं, अजून बॉयलर पेटला न्हाय. ऊस तर शेतात उभा हाय. दिवाळी होऊ द्या की, मग या." कोल्हापुरात जन्मलेल्या माझ्या भावाला हंगाम कधी सुरू होतो एवढंही ठाऊक नसावं! तरीसुद्धा भावजयीनं हार मानली नाही. रस्त्याच्या कडेला चटई पसरून पोरीला लांबच्या चिमणीचं चित्र काढायला लावलं, धुराशिवाय.

या सगळ्यावर मी हसत होते. नवरात्र बसलं तेव्हा मात्र हसू ओसरलं.

आमच्या गल्लीत हादगा अजून टिकून आहे. संध्याकाळी खालच्या चौकात हत्तीचं चित्र लावतात, शाळेतून आलेल्या दहा-बारा पोरी फेर धरतात, गाणी म्हणून घसा बसवतात आणि शेवटी खिरापत ओळखतात. रोज एकीच्या घरची पाळी. डबा घट्ट झाकलेला, आत काय ते तिच्या घराबाहेर कुणाला ठाऊक नाही. बाकीच्या विचारणार, गोड का तिखट, तळलेलं का भाजलेलं. आया मुद्दाम असलं काहीतरी करतात की कुणाच्या बापाला ओळखू येऊ नये. ओळखता आलं नाही की "हरलो" म्हणायचं आणि मगच झाकण निघायचं.

आमची पोरगी रोज गॅलरीचा कठडा धरून ते बघायची. एकदा मला हळूच म्हणाली, "आत्या, त्यांच्यात अजून एक मुलगी चालते का गं?"

मी भावजयीला सांगितलं, की पाठव हिला खाली. तर ती समजुतीच्या सुरात म्हणाली, "ताई, तिथं नुसता गोंगाट असतो. तिला त्यातून काय मिळणार? आपण घरीच हादगा करू ना. व्यवस्थित, अर्थ समजून."

आणि केला. हॉलच्या मधोमध पाट, पाटावर अंड्यांच्या ट्रेचा हत्ती. तो हत्ती कमी आणि सुजलेलं डुक्कर जास्त दिसत होता. भोवती पोरगी, तिची आई, मोबाईलमध्ये बघून गाणी म्हणणारा तिचा बाप आणि गुडघे धरून मी. चौघांचा फेर म्हणजे फेर नव्हे, चौकोन. मग भावजय झाकलेला डबा घेऊन आली आणि टाळ्या वाजवत म्हणाली, "ओळखा बघू, काय आहे?"

डब्यात नाचणीचे लाडू होते. ते त्या पोरीनंच दुपारी वळले होते, कारण पीठ-गूळ मोजणं म्हणजे त्या दिवसाचं गणित. तिच्या नखांत अजून पीठ होतं.

पोरीनं डब्याकडं बघितलं, मग आईकडं. आणि म्हणाली, "करंजी?"

"नाही!"

"शेव?"

"नाही!"

"मग... चकली?"

"बघा ताई, कसा विचार करतेय!" भावजय मोबाईलवर व्हिडिओ काढत म्हणाली. आईबापांनी खेळ मांडलाय, तो मोडू नये म्हणून ते एवढंसं लेकरू खोटं खोटं अडाणी होत होतं. आणि दोन डिग्र्यांच्या बाईला ते दिसत नव्हतं. त्या क्षणी मला भावजयीचा इतका राग आला की लाडू तोंडात फिरायला लागला.

मी तडक खाली उतरले. दुसऱ्या दिवशी पाळी असलेल्या शेजारणीला सांगितलं, उद्याची खिरापत आमच्याकडं. ती सुटलीच. वर आल्यावर भाऊ कुरकुरला, "ताई, विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तुम्ही चर्चा केली असती," मी म्हटलं. गल्लीत शब्द गेला होता. आता मागं फिरणं म्हणजे चारचौघांत नाक कापून घेणं.

दुसऱ्या दिवशी भावजयीनं बिटाचे आप्पे केले, अर्थात पोरीकडूनच. संध्याकाळी पोरगी डबा छातीशी धरून खाली गेली. आम्ही दोघी गॅलरीत उभ्या. फेर झाला. पोरगी एक पाऊल उशिरा उचलत होती, पण हात कुणाच्या तरी हातात होते. गाणी संपली आणि पोरी डब्याभोवती गोळा झाल्या. एक दोन वेण्यांची थोराड पोरगी ओरडली, "हं, काय हाय?"

आमच्या छोट्या बाईंनी ताठ उभं राहून झाकण काढलं आणि घरी शिकवल्यासारखं सांगायला सुरुवात केली, "हे बिटाचे आप्पे आहेत. यात एक कप रवा, अर्धा कप किसलेलं बीट..."

मग एकच कल्ला उठला. "अगं, कशाला सांगालीस गं! सगळी मजा घालवलीस की!" कुणीतरी खिदळलं. पोरीचा चेहरा पडला. तिला आपलं काय चुकलं तेच समजेना. आता ही रडत वर येणार आणि पुन्हा कधी खाली जाणार नाही, याची मला खात्री वाटली.

दोन वेण्यांच्या पोरीनं तिच्या हातातलं झाकण घेऊन डब्यावर दाबून बसवलं. "आमी काय ऐकलं न्हाय. व्हय का न्हाय गं? चल, परत. गोड का तिखट?"

पोरीनं जरा थांबून सांगितलं, "ति... तिखट."

"भजी?"

"नाही."

"थालीपीठ?"

"नाही!"

"कांद्याची चटणी?" सगळ्या हसल्या. आमचीही हसली. "नाही! नाही!" तिचा आवाज इतका मोठा होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

शेजारी भावजय तुच्छतेनं म्हणाली, "आत्ता तर सांगितलं तिनं. तरी ओळखता येईना? शाळेत हेच होतं बघा, लक्षच नसतं."

"त्यांना ठाऊक हाय, बाई," मी म्हटलं. "काल आपल्या घरात तुझी लेक अशीच वळखत होती. लाडू तिनंच वळलेले."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग तिनं कठडा घट्ट धरला आणि वाकून खाली बघत राहिली, पोरीनं वर बघावं म्हणून.

खाली पोरगी डबा डोक्यावर धरून ओरडत होती, "हरलात का? हरलात का?" तिनं एकदाही वर बघितलं नाही.