त्रेचाळीस आवतनं आन् एक कुलूप

सकाळी मशीन चालू केलं आन् पडद्यावर आलं, अकाउंट लॉक्ड. मी नववी नापास, पन लॉक मंजी कुलूप एवढं कळतंय. मांडीवर साडेसात म्हैन्याची पोर, दारात फोन करायला आलेली मानसं, आन् बाकड्यावर सुनंदा बसलेली.

आमचं एसटीडीचं दुकान हाय, कुंडलच्या वाटंवर, घराच्याच पुढच्या खोलीत. सासरे सुभेदार हुते, रिटायर झाल्यावर त्यांना परवाना मिळाला. हे फौजेत लांब, तवा दुकानात मीच बसती. औंदा फोनच्या लायनीला कंप्युटर जोडला. ईमेल मंजी कंप्युटरवरनं धाडायचं पत्र. गावाला मिळून खातं एकच, आमच्या दुकानाचं.

सुनंदा आमच्याच आळीतली, नर्सचं शिकलेली. तिला आदल्या सांजंला मस्कतच्या दवाखान्याचं पत्र आलेलं. नोकरी दिली हाय, उद्या चारच्या आत ह्याच पत्त्यावरनं होकार धाडा, न्हाईतर दुसरीला घेतो. ती पेढ्याचा पुडा घेऊनच आलेली.

"वयनी, व्हईल न्हवं?" तिनं इचारलं.

व्हईल म्हनलं.

सासऱ्यांना, मंजी आबांना, सांगायचं भ्या वाटलं. मीच कायतरी बिघडवलं म्हनतील. आमी जिथनं इंटरनेट घेतलंय त्या सांगलीच्या ऑफिसला गुपचूप फोन लावला. लाइन एकच हाय आमची, फोन चालू तर इंटरनेट बंद.

तिथल्या सायबांनी थोडा वेळ खटखट केलं. मग म्हनले, "काल तासाभरात शहाऐंशी पत्रं गेलीत तुमच्याकडनं. सगळी सारखी. विकताय काय तुम्ही?"

"काय न्हाई विकत सायेब. जत्रंचं आवतान हाय ते."

शहाऐंशी कशी, ते सांगती. गावची त्रेचाळीस घरं पुण्या-मुंबईला न्हाईतर परदेशात. मी म्हनलं हुतं, एकाच पत्राला समदे पत्ते लावू, एकदाच धाडू. आबा म्हनले, असं ढिगानं आवतान देत्यात व्हय, मानसं रुसतील. घराघराचं नाव घालून येगळं धाड, मानकऱ्यांचं आधी. तसं धाडलं. मग आबांनी चष्मा लावून वाचलं, तर 'सहकुटुंब' लिवायचं राह्यलेलं. मंजी बायका-पोरांना बोलावलंच न्हाई. म्हनले, परत धाड समद्यांना. परत धाडलं.

सायेब लय हसले. म्हनले, मशीनला जत्रा कळत न्हाई, तिला वाटलं कोन जाहिराती मारतंय, म्हनून कुलूप घातलं. खात्याचं कागूद बघून, वरच्या सायबांना इचारून कुलूप काढतो म्हनले. त्यात दीड वाजला.

कुलूप निघालं. सुनंदानं सांगितलं तसं मी टाइप केलं, धाडलं. दोन मिनटांत पत्र माघारी. खाली इंग्लिशमधी लांबलचक. सुनंदानं वाचलं आन् तिचं तोंडच उतारलं. आपला नंबर काळ्या यादीत घातलाय म्हनली.

परत सांगलीला फोन. सायबांनी समजावलं. इंटरनेट लावलं की दर येळंला कंप्युटरला एक नंबर मिळतो, पत्रावर तोच नंबर पडतो. कालच्या पत्रांपायी आमच्या नंबरांची चुगली झालेली, परदेशातली मशीनं आता त्यांचं कायच घेत न्हाईत. लाइन तोडून परत लावा, दुसरा नंबर मिळंल. तीनदा तोडली, तीनदा लावली. तीनी येळा पत्र माघारी. परत फोन केला तर सायेब म्हनले, मग सांगलीचे सगळेच नंबर अडकलेत, दोन दिवस तरी लागतील.

तीन वाजून गेलेले. पोर रडाय लागली. तेवढ्यात आबा आत आले आन् समदं त्यांच्या कानावर पडलं. माझ्या मांडीवरनं पोर उचलली, दारात जाऊन हुबं राह्यले, आन् मानसांना सांगितलं, लाइन बंद हाय, चारनंतर या. पहाऱ्यावर असल्यागत.

हात मोकळं झालं तसं डोस्कं चाललं. माझं म्हायेर मान तालुक्यातलं, सातारा जिल्ह्यात. तिकडं फोन लावायचा तर कोड येगळा.

मी म्हनलं, "सायेब, तुमचं ऑफिस साताऱ्याला बी हाय न्हवं? कंप्युटरनं सांगलीऐवजी साताऱ्याला फोन लावला, तर नंबर साताऱ्याचा मिळंल का?"

"मिळेल की. पण ताई, एसटीडीचे पैसे पडतील."

"आवं सायेब, एसटीडीचंच दुकान हाय आमचं."

साताऱ्याला लावलं. ती खरखर, ती शिट्टी, समदं झालं, लागलं. पत्र धाडलं. दोन मिनटं झाली, पाच झाली, माघारी आलं न्हाई. चारला धा कमी हुती. साडेचारला मस्कतचं उत्तर आलं, तिकीट धाडतो. सुनंदा हसत हुती का रडत हुती, कुनास ठाऊक. पयला पेढा आबांना दिला, त्यांनी त्यातलं बोटभर पोरीला चाटवलं. मला म्हनले, "चूक माझी हुती." एवढंच.

जत्रंला कवा नव्हं एवढी गर्दी झाली. दोनदोनदा बोलावलंय मंजी आबा लय मनावर घेऊन बसलेत, असं मानसांना वाटलं.

आता आमी आवतनं तासाला पाचच धाडतो. दिस जातोय, पन कुलूप पडत न्हाई. पत्ते चव्वेचाळीस झाल्यात. मस्कतचा मी शेवटाला लिवला हुता. आबांनी यादी बघितली, तो खोडला, आन् मानकऱ्यांच्या बी वर घातला.