गाठवालीचा पदर

माझ्या थोरल्या मुलाने तीन-चारदा विचारलं असेल, की लहानपणी मी कुणाच्या दुधावर वाढलो? दर वेळी मी सांगितलं, तुझ्या आईच्या. हे खोटं आहे. ते मी इतकी वर्षं सांभाळलं, कारण खरं सांगायचं तर गाठवालीचं नाव काढावं लागलं असतं. तेही मला माहीत नाही. आमच्या घरात कुणीच तिला नाव विचारलं नाही.

तिच्या पदराला सदैव चार-पाच गाठी असत, आणि प्रत्येक गाठीत भाकरीचा चतकोर. म्हणून ती गाठवाली. मारवाडात दुष्काळ पडला त्या साली माणसं चालत चालत आमच्या वऱ्हाडात उतरली. अकोल्याला मोर्णा नदीच्या काठी त्यांच्या झोपड्या पडल्या होत्या. आमचं गाव बाळापुराजवळ. माझी बायको बाळंतरोगाने अंथरुणाला खिळली होती, दूध आटलं होतं, आणि मुलगा वरचं दूध ओकून टाकत होता. माझ्या आईने त्या झोपड्यांतून हिला निवडून आणलं. हिच्या कडेवर स्वतःची मुलगी होती. ती सोबत राहील, एवढीच हिची अट.

जेवताना ती दाराकडे तोंड करून बसे. भाकरीच्या टोपल्यावर झाकण पडलं, की दचके. अर्धी भाकरी खाई, अर्धी गाठीत जाई. रोज संध्याकाळी मी वावरातून आलो, की एकच प्रश्न, "कल रोटी मिलसी?" उद्या भाकरी मिळेल का? मी म्हणायचो, "मिळन." मग कुठे ती मुलाला पाजायला घेई.

मीही घाबरलेलोच होतो. कापसाचा भाव चढल्यापासून वडिलांनी ज्वारीची वावरंही कापसाखाली घातली होती. घर छतापर्यंत कापसाने भरलेलं आणि धान्याचं पेव तळाला गेलेलं. एकदा ओसरीतला ढीग दाखवून ती आईला म्हणाली, "तुमी हे खाता?" आई चिडली, "हो, याच्याच भाकरी थापतो. तुले वाढू का?" ती खुदकन हसली. तिला हसताना मी तेवढंच पाहिलं.

माझ्या बायकोशी मात्र ती बोले. दोघी बाजेला टेकून तुटक्या भाषेत काहीबाही सांगत. एका दुपारी बायकोने मला बोलावून सांगितलं, "तिचा मोठा पोरगा वाटंतच गेला. घासभर भाकर मांगत होता. हिच्या हाती काहीच नोतं. म्हून गाठी बांधते. अवो, तिच्या पदराले हात नोका लावू."

म्हणजे मला ठाऊक होतं. हे मुद्दाम लिहितो.

पंधरवड्याने दूध कमी पडू लागलं. मुलगा रडून रडून निळा पडे. आई म्हणाली, "खातच नाही, तं दूध कुठून येईन? शेपू दिली, डिंक दिला, सारं त्या गाठीत घालून राहिली." त्या दिवशी मी तिला अंगणात उभं केलं आणि परक्या बाईच्या पदराला हात घातला. एकेक गाठ सोडली. वाळलेले, बुरशी धरलेले तुकडे निघाले. ते मी तिच्यासमोर बैलाच्या पुढ्यात टाकले. "आता खाय. सगळं माह्यासमोर खाय." तिची मुलगीही मी शेतावरच्या सालदाराच्या बायकोकडे नेऊन ठेवली, आमच्या पोराच्या वाट्याचं दूध तिकडे जाऊ नये म्हणून.

समोर ठेवलेलं सगळं ती खायची आणि थोड्या वेळाने गोठ्यामागे ओकायची. बसल्या जागी बोटं रिकाम्या पदराला गाठी मारत राहायची. संध्याकाळचा प्रश्न बंद झाला. चौथ्या दिवशी दूध साफ गेलं.

तोवर आमच्या पोराला शेळीचं दूध सोसू लागलं होतं. आई म्हणाली, "आता हिले कायले ठेवाची?" मी गाडी जुंपली. सालदाराकडून परत आणलेली मुलगी तिच्या मांडीवर होती, फार हलकी दिसत होती. अकोल्याला नदीकाठी ती उतरली, मुलीला सावरलं, आणि कितीतरी दिवसांनी माझ्याकडे पाहून म्हणाली, "कल रोटी मिलसी?"

मी म्हणालो, "मिळन." आणि बैलांना चाबूक मारला.

आठ दिवस बायको माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी तिने उठून, भिंतीला धरून, स्वतः भाकरी केल्या. त्यांचे चतकोर करून तिने आपल्या लुगड्याच्या फडक्यात वेगवेगळ्या गाठींत बांधले आणि फडकं माझ्या हाती दिलं. वाटभर मी बोलायचं ते घोकत होतो. मोर्णेच्या काठी पोचलो, तर झोपड्यांच्या जागी नुसती राख. पटकीची साथ आली म्हणून सगळ्यांना हुसकून दिलं होतं. कुणी अमरावतीकडे गेले म्हणे, कुणी कुठे. दोन दिवस मी अमरावतीच्या वाटेने गाडी हाकली. कडेवर मूल घेतलेली बाई दिसली, की खाली उतरायचो.

फडकं तसंच घरी आणलं. घोकलेलं वाक्य लहानच होतं. बाई, माझं चुकलं, या गाठी तुझ्या आहेत, यांना कुणी हात लावणार नाही.