पाचव्या बाईचे हात

"हात पुढे करा सगळ्यांनी," हॉस्पिटलच्या मॅनेजर मॅडम म्हणाल्या. ओळीतल्या सहा सफाईवाल्या बायकांनी हात पुढे केले. पाचवी माझी आई होती.

मी समोर उभी होते. गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र, हातात तपासणीचा तक्ता. हेल्थकेअर मॅनेजमेंटच्या पदवीचं दुसरं वर्ष. भाईंदर पूर्वेला जेसल पार्कच्या त्या हॉस्पिटलात आमच्या गटाला स्वच्छतेचं ऑडिट करायला पाठवलं होतं.

आदल्या दिवशी भाजी निवडताना आईच म्हणाली होती, "उद्या तुमच्या कॉलेजची पोरं येणारेत आमच्याकडं. तू असलीस तर मला वळख दाखवू नको. उगाच तुझी शोभा." मी नाही म्हणायला हवं होतं. मी मान हलवली. खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं. कॉलेजच्या फॉर्मवर आईच्या व्यवसायापुढे मी 'गृहिणी' लिहिलं होतं. त्याची लाज मला आजही वाटते.

मॅडमनी पेनाच्या टोकाने आईचं मनगट वर उचललं. बोट लावलं नाही. ग्लोव्हजच्या दोन बोटांना भोकं. आतली कातडी फिनेलने पांढरी पडलेली, भेगाळलेली.

"ये देखो. इन लोगों को कितना भी ट्रेनिंग दो. मावशी, पेशंटला इन्फेक्शन द्यायचंय का?"

मुलं हसली. आमच्या गटातल्या एकीने मोबाईलवर फोटो काढला. मग मॅडम मला म्हणाल्या, "तू विचार. प्रश्न चार."

प्रश्न चार: ग्लोव्हज फाटल्यावर काय करता? उत्तर मला तोंडपाठ होतं. हॉस्पिटलच्या स्टोअरमधून आठवड्याला एक जोडी मिळायची. आई तीच रोज घरी आणायची, साबणाने धुवायची आणि भाईंदर पश्चिमेच्या आमच्या खोलीत खिडकीच्या गजाला उलटी वाळत घालायची. पाणी माझ्या वह्यांवर ठिबकायचं. मी वैतागायचे.

"मावशी, ग्लोव्हज फाटल्यावर काय करता?"

स्वतःच्या आईला. मावशी.

"टाकून देतो मॅडम. नवीन घेतो," आई म्हणाली. पढवलेलं उत्तर. ती माझ्या बुटांकडे बघत होती. सकाळी तिनेच पुसून दिले होते.

तक्त्यात दोन रकाने. समाधानकारक आणि असमाधानकारक. स्टोअरने किती जोड्या दिल्या, याला रकानाच नव्हता. मी दुसऱ्या रकान्यात खूण केली. खाली सही केली.

घरी आईने ग्लोव्हज धुतले, वाळत घातले. "तुझं नीट झालं ना?" एवढंच विचारलं.

आठवड्याने वर्गात आमचं सादरीकरण झालं. पडद्यावर आईचे हात, भिंतीएवढे. वर शीर्षक: कर्मचाऱ्यांचा निष्काळजीपणा. सर म्हणाले, "हीच यांची मेंटॅलिटी." मागून कोणीतरी 'शी' केलं.

त्या 'शी'ने माझं डोकं फिरलं. मी उभी राहिले.

"सर, हे माझ्या आईचे हात आहेत. तिला आठवड्याला एक जोडी मिळते. रिपोर्टवरची माझी सही मी काढून घेते."

सरांनी पुढची स्लाइड लावली. मग म्हणाले, "पर्सनल गोष्टी इथे आणू नकोस. बस खाली."

मी बसले नाही. तास संपेपर्यंत उभी होते. कोणी माझ्याकडे बघितलंही नाही.

त्यामुळे काही बदललं, असं अजिबात नाही. रिपोर्ट होता तसाच गेला, फक्त माझं नाव वगळून. त्या विषयात मला नापास केलं, केटी लागली. बोलणं हॉस्पिटलपर्यंत पोचलं. आईला वॉर्डातून काढून तळघरात मळक्या चादरी निवडायला बसवलं. रक्ताच्या, उलटीच्या. ग्लोव्हज तेच. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मग म्हणाली, "माझे हात बघून कोन काय करनार होतं? तू कशाला केटी लावून घेतलीस?"

आता तिसरं वर्ष. प्रकल्पासाठी मी विषय दिलाय: सफाई कामगारांना हॉस्पिटल किती ग्लोव्हज देतं. सरांनी तो दोनदा परत पाठवला. बदल म्हणाले. मी आईला सांगितलं. नोकरी जाऊ शकते, हेही सांगितलं. ती बराच वेळ चादरीची घडी घालत राहिली.

"लिहायचं तर नीट लिही," म्हणाली. "आठवड्याला एक नाय. दहा दिवसांनी एक."

म्हणजे वर्गात उभी राहून मी जे बोलले, तेही पुरतं खरं नव्हतं. एकाच घरात राहूनही मला माहीत नव्हतं.

कॉलेज मला पास करील की नाही, ठाऊक नाही. भीती वाटते. आईसाठी जास्तच. पण विषय बदलणार नाही. फॉर्मवरचं 'गृहिणी' मी खोडलंय, 'सफाई कामगार' लिहिलंय. आणि यापुढे तक्ता घेऊन कुठल्याही ओळीसमोर उभी राहिले, तर आधी स्टोअरचं कपाट उघडायला लावीन. हात नंतर.